तैलरंगातलं अकॅडमिक पुष्पचित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलांचं स्थिरचित्र तैलरंगात करू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अकॅडमिक पद्धतीचं पुष्पचित्र म्हणजे नेमकं काय? साध्या फुलांच्या चित्रापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

फुलं समोर ठेवून, एकाच दिशेच्या उजेडात, आधी रेखाटन, मग छायाप्रकाश, मग रंग आणि शेवटी तपशील, अशा ठरलेल्या क्रमाने थर चढवत केलेलं चित्र. युरोपातल्या कला अकादम्यांनी हा क्रम शिकवला. १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाल्यावर तीच शिस्त आपल्याकडे आली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्राचा पेपर दिला असेल, तर तिची तोंडओळख तुम्हाला झालेलीच आहे.

हा क्रम का पाळायचा, याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. फूल दोन-चार दिवसांत जातं आणि तैलरंग वाळायला आठवडे घेतो. या दोन वेळांचा मेळ घालण्यासाठीच ही पद्धत घडली आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

२. मी आजवर फक्त जलरंग आणि पोस्टर कलर वापरले आहेत. तैलरंगात थेट फुलांपासून सुरुवात केली तर चालेल का?

चालेल, पण पहिली दोन-तीन चित्रं फुलांशिवाय करा. एक तांब्या, एक वाटी, मागे कापड, एवढंच ठेवा आणि तेही फक्त बर्न्ट अंबर आणि पांढऱ्या रंगात रंगवा. जलरंगात आपण उजेड कागदाचा राखतो. तैलरंगात तो शेवटी वरून चढवतो. ही उलटी सवय हाताला लागायला थोडे दिवस जातात, आणि फुलं तेवढी थांबत नाहीत.

३. सामान किती घ्यावं? दुकानात यादी वाढतच जाते.

रंग आठ-नऊ पुरतात. टायटॅनियम व्हाइट, लेमन किंवा कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, क्विनाक्रिडोनचा एखादा गुलाबी-किरमिजी, अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर. काळा नसला तरी अडत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा गडद रंग काळ्यापेक्षा जिवंत दिसतो.

ब्रश म्हणाल तर डुकराच्या केसांचे दोन-तीन फिल्बर्ट (गोलसर टोकाचे चपटे ब्रश) आणि शेवटच्या कामासाठी एक मऊ गोल ब्रश. प्राइम केलेला (रंगासाठी आधीच अस्तर दिलेला) कॅनव्हास साधारण बारा बाय सोळा इंचांचा घ्या. त्याहून लहान घेतला की फुलं आपोआप बारीक होतात आणि हात आखडतो. याशिवाय जवसाचं शुद्ध केलेलं तेल, टर्पेंटाइन आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे. या तुकड्यांबद्दल प्रश्न १४ जरूर वाचा.

पैसे वाचवायचे तर ब्रशच्या संख्येत वाचवा, पांढऱ्या रंगात नको. सगळ्यात जास्त तोच संपतो. ट्यूबवर पीडब्ल्यू ४ हे रंगद्रव्याचं चिन्ह लिहिलेलं असेल तर त्यात झिंक आहे. झिंक व्हाइटचा थर कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून खालच्या थरांत तरी तो टाळावा.

४. कुठली फुलं निवडू?

शिकताना शेवंती. पाण्यात आठवडाभर छान राहते आणि तिचा घुमट स्पष्ट असतो, त्यामुळे उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते चटकन दिसतं. झेंडूही चांगला, फक्त पाणी रोज बदला, नाहीतर ते गढूळ होतं आणि वास मारतं. जरबेरा टिकतो, पण त्याची सपाट तबकडी कोनात बसवायला रेखाटन पक्कं लागतं.

गुलाब कळी असताना आणा, दुकानात पूर्ण उमललेला घेऊ नका. निशिगंधाची कांडी खालून वर उमलत जाते, त्यामुळे सकाळी काढलेलं टोक संध्याकाळी तसं राहत नाही. मोगरा दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो. जास्वंद एका दिवसाची. मोगरा आणि जास्वंद एका बैठकीतल्या अभ्यासचित्रासाठी ठेवा.

दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्यात गुलटेकडीला भल्या सकाळी गेलात तर एकाच जातीची, उमलण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची फुलं मिळतात. ती तशी मुद्दाम निवडा. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. मांडणी कशी करायची? माझी फुलं नेहमी रांगेत उभी राहिल्यासारखी दिसतात.

बहुतेक वेळा सगळी फुलं तुमच्याकडे तोंड करून असतात, म्हणून असं होतं. एखाद-दुसरं फूल समोर ठेवा, बाकीची वळवा. काहींची कड दिसू दे, एखाद्याची पाठ आणि देठाचा हिरवा पेला दिसू दे. पाठमोरं फूल चित्रात जेवढी खोली आणतं, तेवढी समोरची तीन फुलं मिळून आणत नाहीत.

मग डोळे किलकिले करून पाहा. सगळा गुच्छ मिळून एक मोठा गोल दिसायला हवा, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने सावलीत. सगळ्यात फिकट फूल उजेडाच्या बाजूला, गोलाच्या पुढच्या भागावर ठेवा. गडद फुलं सावलीच्या बाजूला जाऊ द्या. सगळे देठ भांड्याच्या आत एकाच जागी मिळत असावेत, ती जागा दिसत नसली तरी. देठांच्या दिशा चुकल्या तर गुच्छ भांड्यात रोवलेला न वाटता भांड्यावर चिकटवलेला वाटतो.

भांडं साधं घ्या. तांब्याचा गडू, मातीचं बोळकं, चिनी मातीची बरणी. नक्षीदार फुलदाणी फुलांशी भांडते.

६. घरात उत्तरेची खिडकी नाही. ट्यूबलाइटखाली काम केलं तर?

छताची ट्यूबलाइट वरून पसरट उजेड टाकते आणि आकार सपाट करते. ती बंद करा. एका बाजूला, फुलांच्या थोडा वर, एकच एलईडी दिवा लावा. त्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आणि रंगतापमान ४००० ते ५००० केल्विन असेल तर रंग नीट कळतात. जुने तापणारे बल्ब नकोत, त्यांच्या उष्णतेने गुलाब तासाभरात उघडतो. कॅनव्हासवरही तसाच उजेड हवा, नाहीतर रात्री बरोबर वाटलेला रंग सकाळी वेगळाच निघतो.

उत्तरेच्या खिडकीचा आग्रह युरोपातून आला. तिथे त्या खिडकीतून भर दुपारी ऊन कधीच येत नाही. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीलाही त्या दिवसांत पांढरा पातळ पडदा लागतो.

७. चित्र पूर्ण होण्याआधीच फुलं कोमेजतात. मोठे चित्रकार हे कसं जमवत होते?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सतराव्या शतकातली नेदरलँड्स आणि फ्लँडर्समधली पुष्पचित्रं नीट पाहिली तर त्यांत वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच भांड्यात दिसतात. तसा गुच्छ त्या काळी कुणाच्याही टेबलावर नव्हता. चित्रकार एकेक फूल त्याच्या मोसमात पाहून रंगवत, अभ्यासचित्रं जपून ठेवत आणि त्यांतून गुच्छ रचत. यान ब्रुगेल थोरला याने आपले मिलानमधले आश्रयदाते कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांना १६०६ साली लिहिलेल्या पत्रांत, दुर्मीळ फुलं प्रत्यक्ष पाहायला आपण ब्रुसेल्सला गेल्याचं कळवलं आहे. यान फान हाउसुम (१६८२–१७४९) तर त्याहून काटेकोर. १७४२ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलं आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं आहेत. एका मोसमात न मिळालेल्या फुलासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबायची त्याची तयारी होती.

तेव्हा गुच्छ एका वेळी पूर्ण करायचा हा हट्ट सोडा. माझा क्रम असा असतो.

पहिल्या दिवशी सगळ्या गुच्छाचं रेखाटन आणि छायाप्रकाशाचा थर. भांडं, देठांची दिशा, प्रत्येक फुलाची जागा, मोठी सावली, एवढं त्या दिवशी पक्कं व्हायलाच हवं. मग जे फूल आधी मान टाकणार ते आधी रंगवायचं, पूर्ण तपशिलासह, शेजारचं फूल अजून नुसता ठिपका असला तरी. शेवंती, पानं, भांडं आणि कापड शेवटी. टेबलावर भांड्याची आणि जमिनीवर आपल्या पायांची जागा खडूने आखून ठेवायची.

फूल कोमेजलं की त्याच जातीचं दुसरं त्याच कोनात लावा. नव्या फुलाच्या पाकळ्या वेगळ्या असतील, पण घुमट आणि उजेड तेच राहतील. इथे पहिल्या दिवशीचा थर कामी येतो. तुम्ही पाकळ्या बदलता, आकार नाही. बाजारातून वेगवेगळ्या टप्प्यांवरची फुलं आणायला सांगितलं ते यासाठीच. आजची कळी परवा तुमचं उमललेलं फूल होते.

फुलं जास्त टिकवायची तर देठ पाण्यात बुडवून तिरपे कापा, रोज थोडे छाटा, रात्री गार जागी ठेवा. पिकलेली केळी किंवा आंबे शेजारी नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर वाळतात. फळं आणि फुलं एकत्र मांडायची असतील तर काम संपलं की फळं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा.

८. थरांचा क्रम थोडक्यात सांगाल का? आणि ‘फॅट ओव्हर लीन’ म्हणजे काय?

पांढऱ्या कॅनव्हासवर आधी यलो ऑकर किंवा बर्न्ट अंबरचा पातळ हात फिरवून पांढरेपणा मोडायचा. त्यावर पातळ अंबरने रेखाटन, मग अंबरनेच सावल्या भरायच्या आणि उजेड कापडाने पुसून काढायचा. हा थर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, कारण अंबरमधल्या मँगनीजमुळे तेल लवकर वाळतं. त्यावर प्रत्येक फुलाचे मोठे रंग, उजेड आणि सावली असे दोनच टोन (गडद-फिकटाच्या पायऱ्या). मग मधले टोन, मग कडा, पाकळ्या, दवासारखे चमकते बिंदू.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि लवचिक राहतो. तो खाली गेला आणि वर कमी तेलाचा कडक थर बसला, तर वरच्याला तडे जातात. म्हणून पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, आणि पुढच्या प्रत्येक थरात तेल किंचित वाढवत न्यायचं. फॅट ओव्हर लीन म्हणतात ते हेच. फुलांच्या चित्रात घाई असते, त्यामुळे हा नियम सगळ्यात जास्त इथेच मोडला जातो.

९. माझा गुलाब कोबीसारखा दिसतो. काय चुकतंय?

तुम्ही पाकळ्या मोजत आहात. गुलाब आधी एक पेला आहे आणि पेल्याच्या बाहेर झुकलेली किनार आहे, असं धरा. पेल्याला एक उजळ बाजू, एक सावलीची बाजू, आणि आत खोल जागा. एवढं बरोबर टोनमध्ये लागलं की चार पावलांवरून गुलाब दिसायला लागतो, एकही पाकळी काढलेली नसताना. दिसत नसेल तर पाकळ्या काढून तो दिसणार नाही.

मग आतली खोबण. तिथे काळा किंवा तपकिरी भरू नका. गुलाबी गुलाबाच्या गाभ्यात उजेड पाकळ्यांतून गाळून आलेला असतो, त्यामुळे तो भाग गडद असूनही उबदार असतो. किरमिजी आणि थोडा बर्न्ट सिएना तिथे बसतो. उलट, बाहेर वळलेल्या पाकळीची वरची कड खिडकीतला निळसर उजेड घेते, म्हणून ती थंड आणि फिकट. या दोन जागांमधला उबदार-थंड फरक तुम्ही पकडलात तर गुलाबाला ओलावा येतो.

शेवटी कडा. दोन-तीन पाकळ्यांच्याच कडा धारदार ठेवा, त्याही उजेडातल्या. सावलीतल्या कडा कोरड्या ब्रशने शेजारच्या रंगात हलक्या हाताने मिसळा. प्रत्येक कड सारखीच रेखली की कोबी होतो.

१०. पांढरी फुलं मळकी दिसतात आणि लाल फुलं उजेडात गुलाबी होतात. दोन्हींवर उपाय?

पांढऱ्याचं आधी. निशिगंध रंगवताना तुम्ही अख्खी पाकळी शुद्ध पांढरी लावली, तर सर्वांत चमकत्या जागेसाठी काही उरतच नाही. उजेडातल्या पाकळ्या पांढऱ्यात किंचित पिवळा घालून एक पायरी खाली ठेवा, सावली निळसर-करडी, आणि सावलीत जिथे पानांचा उजेड उसळतो तिथे हिरवट पिवळा. टोकाच्या कळ्यांना गुलाबी झाक असते, ती सोडू नका. निव्वळ पांढरा फक्त एक-दोन ठिपक्यांना. मळकटपणा बहुधा सावलीत काळा मिसळल्याने येतो. पार्श्वभूमीही मध्यम गडद हवी, फिकट भिंतीसमोर पांढरं फूल उठतच नाही.

लाल जास्वंदीला उजळवायला पांढरा घेतला की ती खडूसारखी गुलाबी होते. उजेडाकडे जाताना कॅडमियम रेडमध्ये नारिंगी मिसळा, सावलीकडे किरमिजी. पांढरा फक्त पाकळीच्या तुकतुकीत चमकेपुरता. लाल रंग जात्याच गडद असतो, त्यामुळे त्याला उजळ दाखवण्यापेक्षा शेजारचं पान आणखी गडद करणं जास्त उपयोगी पडतं.

११. पानांचा हिरवा नेहमी कच्चा वाटतो.

ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर वाटणारच. व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना किंवा त्या चित्रातल्याच फुलाचा लाल थोडा मिसळा. पानाची वरची बाजू आकाशाचा उजेड घेऊन निळसर-करडी चमकते, आणि पान उजेडाविरुद्ध असेल तर त्यातून पिवळा हिरवा झिरपतो. या दोन हिरव्यांत फरक ठेवलात की निम्मं काम झालं.

१२. फोटोवरून रंगवलं तर ते अकॅडमिक राहत नाही का?

पहिला छायाप्रकाशाचा थर प्रत्यक्ष फुलांवरून केला असेल आणि पुढे तपशिलासाठी फोटो पाहिला, तर काही बिघडत नाही. अभ्यासचित्रांवरून काम करणाऱ्यांची परंपरा प्रश्न ७ मध्ये आलीच आहे. पण सुरुवातच फोटोवरून करू नका. मोबाइलचा कॅमेरा लाल आणि जांभळ्या फुलांत उजेडातले टोन एकत्र करून टाकतो आणि सावल्या काळ्या करतो. जी माहिती फोटोत नाही, ती तुम्ही कितीही निरखलं तरी चित्रात येणार नाही.

१३. पन्नास वर्षांनी फुलांचे रंग उडतील का?

रंगद्रव्यावर अवलंबून आहे, आणि पुष्पचित्रांत हा धोका सर्वाधिक, कारण सुंदर गुलाबी आणि जांभळे रंगच सर्वांत नाजूक असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये व्हॅन गॉगचं १८९० मधलं गुलाबांचं चित्र आहे. आज त्यातली फुलं जवळजवळ पांढरी दिसतात. ती मुळात गुलाबी होती, त्यांतला तांबडा लेक रंग (रंजकापासून बनवलेला पारदर्शक रंग) उजेडाने उडाला. फान हाउसुमच्या काही चित्रांत पानं आज निळी दिसतात, कारण हिरव्यासाठी वापरलेला पिवळा लेक उडाला आणि खालचा निळा उरला.

ट्यूबवरचं रंगद्रव्याचं चिन्ह वाचायची सवय लावा. पीआर ८३ म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमसन, पातळ थरात टिकत नाही. त्याऐवजी क्विनाक्रिडोनचे पीव्ही १९ किंवा पीआर १२२ घ्या. नावात ‘ह्यू’ (म्हणजे त्या रंगासारखा दिसणारा पर्यायी रंग) असेल तर आत काय आहे ते चिन्हावरूनच कळतं. चिन्ह छापलेलंच नाही अशी ट्यूब सरावापुरती ठेवा.

१४. घरात लहान मुलं आहेत. टर्पेंटाइन सुरक्षित आहे का?

खिडकी उघडी ठेवा, बरणीला झाकण ठेवा, कॅडमियमचे रंग लागलेला हात तोंडाला लावू नका. टर्पेंटाइन सोसत नसेल तर ब्रश नुसत्या तेलाने पुसून शेवटी साबणाने धुता येतात.

खरी काळजी तेलाच्या कापडांची घ्या. जवसाच्या तेलात भिजलेलं कापड बोळा करून टाकलं तर वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. काम संपलं की कापडं सुटी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका.

१५. पावसाळ्यात चित्र आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. वार्निश कधी लावू?

दमट, ढगाळ दिवसांत वेळ लागतोच. चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. अंधाऱ्या कपाटातही ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. फिकट फुलांसाठी अक्रोडाचं किंवा करडईचं तेल वापरलं तर पिवळेपणा कमी येतो. मात्र ते आणखी सावकाश वाळतं, म्हणून ते वरच्या थरांतच वापरा.

पातळ चित्राला सहा महिने, जाड रंगाच्या चित्राला वर्षभर थांबून वार्निश लावावं. त्याआधी प्रदर्शनाला द्यायचं असेल तर रिटच वार्निशचा (तात्पुरत्या पातळ वार्निशचा) हलका हात पुरतो. मध्येच काही भाग मेल्यासारखे निस्तेज दिसत असतील तर ते रंग खराब झाल्याचं लक्षण नाही, तेल खालच्या थराने शोषलं आहे. तिथे तेलाचा अगदी पातळ हात फिरवून कापडाने जवळजवळ सगळा पुसून घ्या आणि मग पुढचा थर लावा.

१६. फुलांची चित्रं म्हणजे दुय्यम काम, असं आमच्या ओळखीचे एक चित्रकार म्हणतात. खरंच तसं मानतात का?

मानत होते. फ्रेंच अकादमीच्या १६६७ च्या व्याख्यानांना प्रस्तावना लिहिताना आंद्रे फेलिबियाँ यांनी विषयांची उतरंड मांडली. तीत ऐतिहासिक-पौराणिक चित्रं वर आणि फळं-फुलं तळाला. पुढे दोनशे वर्षं हीच उतरंड शिकवली गेली.

पण त्याच तळाच्या खोलीत कुणाला जागा मिळाली ते पाहा. स्त्रियांना नग्न मॉडेलवरून अभ्यास करायला मज्जाव होता, त्यामुळे ऐतिहासिक चित्रांचं दार त्यांना जवळजवळ बंद होतं. पुष्पचित्रात मात्र राखेल राउश (१६६४–१७५०) यांना उदंड मान मिळाला. वडील आम्सटरडॅममधले शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, स्वतः दहा मुलांची आई, १७०८ पासून ड्युसेलडॉर्फच्या दरबारी चित्रकार, आणि वयाच्या ऐंशीनंतरही त्यांचा ब्रश थांबला नव्हता. ॲन व्हालायेर-कोस्टेर यांना १७७० साली फ्रेंच अकादमीने सदस्य करून घेतलं, ते स्थिरचित्रांच्या बळावर. ज्या चित्रप्रकारात राउश यांच्यासारखी नजर घडते, त्याला दुय्यम म्हणणं मला मान्य नाही.

१७. जुन्या चित्राची नक्कल करून शिकायची आहे. ती विकता येते का?

शिकण्यासाठी नक्कल उत्तम, आणि त्यासाठी आंरी फांतँ-लातूर (१८३६–१९०४) यांचे गुलाब सुचवीन. नॉर्मंडीतल्या ब्युरे गावच्या बागेतली फुलं ते रंगवत. त्यांची पार्श्वभूमी साधी असते आणि कडांचं शिक्षण त्यांच्याइतकं क्वचित कुठे मिळतं.

विकण्याबाबत, भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. फांतँ-लातूर यांच्याबाबतीत ती मुदत केव्हाच संपली आहे. हयात किंवा अलीकडे वारलेल्या चित्रकाराची नक्कल परवानगीशिवाय विकू नका. मुदत संपलेल्या चित्राच्या नकलेवरही मूळ सही कधीच उतरवू नका. मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव, ‘नक्कल’ हा शब्द, तुमचं नाव आणि साल लिहा. मापही मूळ चित्रापेक्षा वेगळं ठेवा. नक्कल आणि अस्सल यांत घोटाळा होऊ नये म्हणून युरोपातल्या बऱ्याच संग्रहालयांत नक्कल करणाऱ्यांना हीच अट असते.